भोरड्यांची पंगत

चाळीस वर्षं मी लोकांच्या लग्नाचे फोटो काढले. श्रीगोंद्यात माझा स्टुडिओ आहे, आता मुलगा बघतो. त्याच्याकडे ड्रोन आहे, आणि हल्लीचे नवरा-नवरी लग्नाआधीच उसाच्या फडात जाऊन नाचून येतात. मला ते बघवेना. मी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या, एक लांब नळीची लेन्स घेतली आणि पाखरांच्या मागे लागलो. पाखरांचा पहिला गुण असा की ती 'काका, जरा गोरं करा' म्हणत नाहीत. आमची राजेश्वरी म्हणते, "म्हातारपणी माणसं देवाला लागतात, ह्यांना पाखरं लागली." बायकोचं सगळंच ऐकलं असतं तर मी फोटोग्राफरसुद्धा झालो नसतो.

हिवाळी पाखरांत काही इमानदार असतात. दिवाळी सरली की ठरलेल्या पाणवठ्यावर हजर. काही मात्र निव्वळ लहरी, आणि त्या लहरी लोकांची म्होरकी म्हणजे भोरडी. मैनेच्या कुळातलं पाखरू, डोकं काळं, पंख काळे, मधलं अंग फिकं गुलाबी. उत्तरेकडच्या थंड मुलखातून येतात आणि येतात तेव्हा थव्यानं येतात. एखाद्या हिवाळ्यात आभाळ झाकून टाकतील, मग कितीतरी वर्षं तोंड दाखवणार नाहीत. मला फोटो हवा होता तो भोरड्यांचा, तोही ज्वारीवरचा, आणि तोही माझ्या बनुआक्कासोबतचा. म्हणजे हट्ट धरायचा तर पुरताच धरायचा.

बनुआक्का माझी थोरली बहीण. आमचं शेत काष्टीच्या शिवारात, आणि तिला दिली तीही काष्टीतच, दोन बांध पलीकडे. गावच्या बाजारापेक्षा लांब ती क्वचितच गेली असेल. आमच्या लहानपणी इकडे उसाचं एवढं वेड नव्हतं. रब्बीला जिकडे बघावं तिकडे मालदांडी ज्वारी. कणसात दूध भरलं की शेतोशेती माळे उभे राहायचे, चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेले, आणि आमच्या माळ्यावर आक्का असायची. मी शाळेत जाता जाता तिची भाकरी पोचवायचो. धुक्यात तिच्या घोंगडीची खोळ तेवढी दिसायची.

मग आवाज यायचा. आधी आवाज, नंतर पाखरं. थवा शेतावर आला की एकदम वळायचा, आणि वळताना काळा होता तो गुलाबी व्हायचा. मी तोंड उघडं टाकून बघत राहायचो. आक्काला बघायला वेळ नसायचा. ती उठायची, गोफण डोक्याभोवती फिरायची, सुटताना तिचा फटकारा सगळ्या शिवारात ऐकू जायचा आणि मागोमाग तिची आरोळी, "हाऽऽ हो!" थवा उठून पलीकडच्या शेतावर जायचा, तिथून कुणी हाकारला की पुन्हा आमच्याकडे. दिवस मावळेपर्यंत हेच. मला तो खेळ वाटायचा. तिचे तळहात बघितले की वाटायचा नाही.

ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. आगटीत भाजलेलं कणीस ती तळहातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायची आणि पहिली मूठ माझ्या ओंजळीत टाकायची. स्वतः मागून खायची. तसा हुरडा नंतर मी मोठमोठ्या हुरडा पार्ट्यांत खाल्ला, सोबत तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या होत्या, पण त्याला ती चव नव्हती. चटण्यांचा दोष नव्हता.

पुढे माझ्या हातात कॅमेरा आला तेव्हाही भोरड्या येत होत्या. पण रोलमध्ये फोटो मोजके, आणि रोल नवरीकडचा. तो पाखरांवर कोण उधळणार? म्हटलं, काढू पुढच्या हिवाळ्यात, कुठं पळून जातात! तेवढ्यात पाणी आलं, कारखाने आले, ज्वारी गेली. माळे मोडून लोकांनी सरपण केलं. भोरड्या इकडे यायच्याच थांबल्या.

गेल्या वर्षी दाजी वारले आणि आक्काच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. तिचा मुलगा सुनील पुण्याला कंपनीत आहे. त्यानं ठरवलं की आईनं आता त्याच्याकडे राहायचं आणि शेत वाट्यानं द्यायचं. वाटेकरी ऊस लावणार होता. आक्कानं नकार दिला नाही. फक्त म्हणाली, "ही येक रब्बी माज्या मनानं करू दे." आणि विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं ज्वारी पेरली.

मी विचारलं, "कशाला गं आक्का हा कुटाणा? तू तर चाललीस पुण्याला. भाकरी कुणी खायची?"

"भाकरीला न्हाई पेरली," ती म्हणाली. "भोरड्यांना पेरली."

मी हसलो. ती हसली नाही.

"कल्यान, आपल्यात जेवत्या मानसाला पानावरनं उठवत्यात का? दारात कुत्रं जरी खात आसलं, तरी आई म्हनायची, खाऊ दे त्याला, मग हान. आन मी आक्खी जिंदगी काय केलं? कुठल्या लांबच्या मुलखातनं आलेली पाखरं, चोच लावली न लावली तवर उठवली. तवा उठवावंच लागायचं. न्हाईतर आपल्याच पोटाला काय हुतं? त्याचं मला काय न्हाई. पन जायच्या आदी येकदा त्यांनी माज्या रानात बसून पोटभर खावं, आन मी नुसतं बघावं. येवढंच हाय बघ."

मी म्हणालो, फोटो मी काढणार. तिनं मान डोलावली. त्या दिवसापासून आम्ही दोघं म्हातारे आभाळाकडे बघायला लागलो.

ज्वारी निसवली, दूध भरलं, हुरडा होऊन गेला, दाणा पिकून टणक झाला. भोरड्यांचा पत्ता नाही. चिमण्या आल्या, पोपट आले, त्यांना आक्का 'ही घरचीच' म्हणून जमेस धरेना. माघ सरत आला. सुनीलचा रोज फोन, "मामा, तुम्ही तरी सांगा आईला. कणसं झडायला लागली. वाटेकरी म्हणतोय, रान कधी मोकळं करताय?" शेवटी आक्कानंच तारीख दिली. शनिवारी माणसं येऊन ज्वारी उपटणार आणि रविवारी सुनील टेम्पो घेऊन येणार.

गुरुवारी सोनईच्या यज्ञेश्वरांचा फोन आला. हे जनावरांचे डॉक्टर, पण जीव पाखरांत. म्हणाले, "कल्याणराव, तुमच्या पाहुण्या काल संध्याकाळी आमच्या बाभळींवर उतरल्या होत्या. झाडाचं पान दिसत नव्हतं. आज सकाळी एक नाही. कुठं गेल्या देव जाणे." सोनईपासून काष्टी काही जवळ नाही, पण पाखरांना टोलनाका नसतो. शुक्रवारी मी कॅमेरा घेऊन आक्काकडे गेलो. हा एकच दिवस हाताशी होता.

बांधावर कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून मी माझ्यासाठी आडोसा केला. माळा आता राहिला नव्हता, आणि असता तरी आक्काला चढवलं नसतं, म्हणून तिची प्लॅस्टिकची खुर्ची ज्वारीच्या कडेला ठेवली. नळीतून बघितलं. आक्का दिसली, मागे ज्वारी दिसली, पण काहीतरी कमी वाटलं. लग्नाच्या फोटोग्राफरची एक खोड असते, त्याला मोकळे हात खपत नाहीत. नवरीच्या हातात तो नारळ देतो, आजोबांच्या हातात काठी.

"आक्का, ती गोफण घे हातात."

"कशाला? मी काय हाकलनार हाय व्हय त्यांला?"

"नुसती मांडीवर धर. फोटोला शोभा येते."

"शोभेला गोफन!" ती कुरकुरली. पण गोठ्यातल्या खुंटीवरची गोफण मी आणून दिली आणि तिनं ती मांडीवर घेतली. दोरी चाचपली, गाठ ओढून बघितली. भावाचा हट्ट तिनं कधी मोडला नाही, हाही तिचाच दोष.

दुपार गेली. उन्हं कलली. दूर कुठल्या तरी फडावर ट्रॅक्टरवाला गाणी लावून ऊस भरत होता. मला डुलकी लागायला आली होती, आणि आवाज आला.

तो मला ओळखावा लागला नाही. इतक्या वर्षांनी कानाला तो आपोआप कळला. अंगावर काटा आला. घोड नदीच्या बाजूनं थवा आला, उसाच्या फडांवरून काळा काळा आला, आमच्या तुकड्यावर येऊन वळला आणि गुलाबी झाला. एक फेरी. दुसरी फेरी. मग सगळा थवा ज्वारीवर उतरला आणि धाटं वाकली.

आणि आक्का उठली. जी खुर्चीतून उठताना 'अगं आई गं' केल्याशिवाय राहत नाही, ती एका झटक्यात उठली. हात वर गेला, गोफण फिरली. तिच्यात दगडाचा गुंडासुद्धा नव्हता, रिकामीच होती, पण फटकारा असा बसला की मीच दचकलो. "हाऽऽ हो!" तीच आरोळी. अख्खा थवा एकदम उठला. तिचा हात काही तिला विचारून उठला नव्हता. माझ्या बोटानंही मला विचारलं नाही. लग्नात गळ्यात हार पडताना ते जसं दाबलं जातं, तसंच दाबलं गेलं.

थवा उसाच्या पलीकडे गेला. आक्का हातातल्या गोफणीकडे बघत उभी होती.

"कल्यान," ती म्हणाली, "म्या काय केलं रं हे?"

ती खुर्चीत बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी तेव्हा स्क्रीनकडे बघत होतो. आणि काय फोटो होता तो! मधोमध आक्का, पदर उडालेला, गोफण ताणलेली, तोंड आरोळीसाठी उघडं, आणि तिच्यामागे गुलाबी पंखांनी भरलेलं आभाळ. माझं सगळं लहानपण त्या एका चौकटीत होतं. मी धावतच तिच्याकडे गेलो.

"आक्का, रडू नको. हे बघ, हे बघ आधी!"

तिनं डोळे पुसले, चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही मी हाय?"

"मग कोण? तूच!"

"पूस ह्यो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पूस? अगं, जन्मात असा फोटो मिळाला नाही मला!"

"पानावरनं उठिवतानाचा फुटू हाय त्यो. उपाशी पाव्हनं दारात आलं आन म्या त्यांला हाकललं. त्यो तू भितीला लावनार व्हय?"

"लोकांना काय कळतंय? लोक म्हणतील, वा!"

"लोकांचं लोकांपाशी. मला कळतंय नं."

मी चिडलो. नाही नाही ते बोललो. म्हणालो, तू पेरलंस, तूच हाकललंस, आता माझ्या फोटोवर राग का? ती गोफणीची दोरी गुंडाळत राहिली. धंद्यात मी एकच नियम पाळला होता, ज्याचा फोटो त्याची मर्जी. पाठवणीच्या वेळी रडणाऱ्या एका बापानं 'हा नको' म्हटलं, तेव्हा निगेटिव्ह कापून त्याच्या हातात दिली होती. माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, एकावरचा पुसून दुसऱ्यावर राहू दिला असता तर आक्काला जन्मात कळलं नसतं. तो विचार मनात आला, नाही कशाला म्हणू? मग मी दोन्ही कार्डांवरचा पुसला. पुसताना मोठ्यानं एक शिवी दिली. पाखरांना, गोफणीला, आक्काला, ज्याला लागेल त्याला.

"दिलीस शिवी? बरं वाटलं?" आक्का म्हणाली. "आता ती गोफन घे तुज्याकडं आन हितं बस. येतील माघारी."

"येतात?"

"येकदा हाकलून जात आसत्या, तर म्या दिवसभर माळ्यावं कशाला बसली आसती येड्या?"

मी आडोशाकडे वळलो, तर तिनं माझी बाही धरली. "तिकडं न्हाई. हितंच. आन ती नळी बंद कर. जेवनाऱ्याच्या तोंडाकडं आसं रोखून बघू न्हाई. लग्नात पंगतीचा फुटू कसा काढतो? लांबनं, समदी पंगत येईल आसा. तसा येक घे, बास."

मी तिच्या खुर्चीशेजारी बांधावर बसलो. तिनं उजवा हात माझ्यापुढे केला. "ह्यो धर. सुटू देऊ नगं. त्याचा मला भरवसा न्हाई."

मी तिचा हात माझ्या उजव्या हातात धरला. खरखरीत, हाडं लागणारा हात. शेवटचा कधी धरला होता आठवेना. शाळेच्या पहिल्या दिवशी बहुतेक, तेव्हा तिनं माझा धरला होता.

त्या आल्या. आधी दोन-चार, शेंड्यावर बसून इकडेतिकडे बघणाऱ्या. मग सगळ्या. थवा उतरला तसा आक्काच्या हातानं असा हिसका दिला की माझं मनगट वळलं. मी घट्ट धरला. पुन्हा हिसका. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ दाबले होते. आरोळी तोंडाशी आलेली मला दिसत होती. ती तिनं गिळली. हळूहळू हात सैल पडला आणि तिनं डोळे उघडले.

भोरड्या जेवत होत्या. कणसांवर चोचींचा नुसता कुरकुराट चालला होता, मध्येच दोघींची एका कणसावरून भांडणं, भुसकट उडतंय. आक्का पुढे झुकली आणि घरात पाहुणे बसल्यावर बायका बोलतात तसं, हळू आवाजात बोलायला लागली.

"खावा. सावकाश खावा. लाजू नका. लई हाय आजून."

मी डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला आणि एक फोटो घेतला. वाकडा आला. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

सूर्य टेकला तशी शेवटची भोरडी चोच पुसून उठली. थवा जसा आला तसा घोडच्या बाजूला गेला. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. मग आक्का म्हणाली, "बघितलंस? आपल्या आपन उठल्या. कुनी उठवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी माणसं आली. कणसं हातात घेऊन त्यांनी एकमेकांकडे बघितलं. रविवारी सुनील आला, त्यानं अर्धी रिकामी कणसं बघितली आणि माझ्यावर करवादला. आक्का टेम्पोत पुढच्या सीटवर बसली आणि तिनं मागे वळून बघितलं नाही. मी मात्र बघत राहिलो.

तो मोबाईलचा फोटो तिनं मोठा करून मागितला. मी सांगून बघितलं, आक्का, यात काहीच नाही. फुटलाय. एका कोपऱ्यात तुझी पाठ आहे, बाकी ज्वारी, आणि ज्वारीवर तीळ सांडल्यासारखं काहीतरी. माझ्या मुलानं असा फोटो दुकानात छापला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. पण ज्याचा फोटो त्याची मर्जी. आता तो सुनीलच्या घरी सातव्या मजल्यावर टीव्हीच्या वर लावलाय.

परवा मी गेलो होतो, तेव्हा शेजारची एक बाई बसली होती. चहा पिता पिता तिचं लक्ष वर गेलं.

"आजी, फोटोत हे ठिपके कसले पडलेत हो?"

"ठिपके न्हाईत बाई ते," आक्का म्हणाली. "माज्याकडं जेवायला आल्या हुत्या."